छिद्र बंद झाले, तरी फुफ्फुसातला दाब का उतरत नाही?

तुमच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या हृदयातील मोठे छिद्र शस्त्रक्रियेने बंद झाले, तरी फुफ्फुसातील दाब जास्त असल्याने त्याला अजून गुंगीत आणि व्हेंटिलेटरवर का ठेवले आहे, असे तुम्ही विचारले आहे. अशा मुलांच्या अतिदक्षता विभागात मी डॉक्टर आहे. बाळाला न तपासता त्याच्या प्रकृतीविषयी बोलणे योग्य नाही, पण या उपचारांमागचे कारण सांगते.

छिद्रातून महिनोन्महिने जास्तीचे रक्त गेल्यामुळे फुफ्फुसातील बारीक धमन्यांच्या भिंती जाड झालेल्या असतात, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमुळे त्यांचे आतले अस्तरही काही काळ दुखावलेले राहते. अशा वेळी बाळ रडले, नळीतला कफ ओढताना कासावीस झाले किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, तर त्या धमन्या एकाएकी आवळतात, हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो, डावीकडे रक्त कमी पोहोचते आणि रक्तदाब घसरतो. हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच गुंगी, ऑक्सिजन आणि नियंत्रित श्वास यांना मी औषधांइतकेच महत्त्व देते. कफ ओढण्याआधी गुंगीचा जादा डोस देतात तोही याचसाठी.

श्वासावाटे दिला जाणारा नायट्रिक ऑक्साइड वायू, सहसा दहा लाख भागांत 20 भाग किंवा त्याहून कमी, फुफ्फुसातील धमन्या सैल करतो आणि रक्तात शिरताच निष्प्रभ होतो, त्यामुळे बाकी शरीराचा रक्तदाब फारसा उतरत नाही. मात्र तो एकदम बंद केला तर दाब पुन्हा उसळू शकतो. म्हणून तो टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि गरजेप्रमाणे त्याआधी सिल्डेनाफिल हे फुफ्फुसातील धमन्या सैल करणारे औषध सुरू करतात. वायूचे शेवटचे काही भाग कमी करतानाच सर्वाधिक जपावे लागते, तेव्हा त्यात एखादा दिवस जास्त गेला तरी धीर सोडू नका.

दाब अपेक्षेप्रमाणे उतरत नसेल, तर छिद्राचा काही भाग उरला आहे का किंवा डावीकडची झडप गळते आहे का, हे इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाहिले का, असे डॉक्टरांना नि:संकोच विचारा. तसे काही असेल तर नुसती औषधे वाढवून भागत नाही.

घरी सिल्डेनाफिल दिले गेले, तर त्याची मात्रा वजनावर ठरते आणि बाळ वाढेल तशी ती पुन्हा तपासावी लागते. मुलांमध्ये दीर्घकाळ दिलेल्या जास्त मात्रेविषयी अमेरिकेच्या औषध नियामकाने 2012 मध्ये इशारा दिला होता, त्यामुळे ती स्वतःहून वाढवू नका आणि बाळ हसतेखेळते दिसले म्हणून बंदही करू नका. दूध पिताना घाम येऊ लागला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दाखवा. ओठ निळसर पडले किंवा शुद्ध हरपली तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठा.