प्रश्न तुमचे: लेझरने धूळ मोजतात ती कशी, आणि त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

प्रश्न: लेझर आकाशात सोडून, परत आलेल्या उजेडावरून कुठल्या उंचीवर किती एरोसॉल (हवेत तरंगणारे बारीक कण) आहेत ते लायडार सांगतो असं वाचलं. पण त्याचं समीकरण बघितलं तर मोजमाप एक आणि अज्ञात दोन. मग उत्तर येतंच कसं? की तो मनाने धरलेला आकडा असतो?

उत्तर: शंका एकदम रास्त आहे, सगळी मेख तिथेच आहे. आधी मोजतात काय ते सांगतो. लेझरचा पल्स साधारण १० नॅनोसेकंदांचा असतो, तो वर जाताना हवेचे रेणू आणि धूळ, धूर, समुद्री मीठ, सल्फेट असले कण त्यातला अगदी थोडा उजेड उलटा फेकतात, तो टेलिस्कोपने गोळा करायचा आणि पल्स सुटल्यापासून किती वेळाने किती उजेड आला ते नोंदवत जायचं. १ मायक्रोसेकंदाने आला तर १५० मीटरवरून, ६७ ने आला तर जवळपास १० किलोमीटरवरून. अंतराचा भाग एवढाच, त्यात काही वाद नाही.

गोची पुढे आहे. लांबून येणारा उजेड अंतरामुळेच कमी होतो, तो हिशोब वजा केल्यावरही एखाद्या थरातला सिग्नल कमी दिसला तर एकतर तिथे कणच कमी आहेत, नाहीतर कण भरपूर आहेत पण खालच्या थरांनी जाताना आणि येताना दोन्ही वेळा उजेड खाल्लाय. समजा खालच्या थराची ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे तो थर उजेड किती अडवतो त्याचं माप, ०.५ आहे, तर दोन्ही फेऱ्या धरून जेमतेम ३७ टक्के सिग्नल हातात येतो. उलटा फेकला जाणारा उजेड म्हणजे बॅकस्कॅटर, वाटेत कमी होणारा म्हणजे एक्स्टिंक्शन, आणि सिग्नलमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात.

मग दोघांचं गुणोत्तर (एक्स्टिंक्शन भागिले बॅकस्कॅटर) धरून चालतात, त्याला लायडार रेशो म्हणतात. समुद्री मिठासाठी तो साधारण २० ते २५ स्टेरेडियन (घनकोनाचं एकक), वाळवंटी धुळीसाठी ४० ते ५५, जंगलाच्या धुरासाठी बऱ्याचदा ६० च्या वर. तो धरला की समीकरण सुटतं, पण कुठून सुरुवात करायची हेही महत्त्वाचं आहे. जमिनीजवळून वर सोडवत गेलं तर भाजकात वजाबाकी येते, वर जाता जाता तो शून्याजवळ पोचतो आणि बारीकशा चुकीने उत्तर वाट्टेल तिकडे पळतं. १९८१ मध्ये क्लेट यांनी दाखवलं की लांबच्या टोकाकडून खाली या, मग तीच वजाबाकी बेरीज होते आणि सुरुवातीची चूक खाली येता येता विरत जाते. १९८४ मध्ये फर्नाल्ड यांनी रेणू आणि कण वेगळे धरून हिशोब मांडला. वर जिथे हवा स्वच्छ आहे तिथे फक्त रेणूंचा बॅकस्कॅटर असतो आणि तो तापमान-दाबावरून काढता येतो, म्हणून सुरुवातीला तोच टेकू.

म्हणजे आकडा मनाने धरलेला नाही, पण त्यात धरलेलं काहीतरी आहे हे खरं. माझं मत विचाराल तर बॅकस्कॅटरच्या आलेखावर बराच भरवसा ठेवा, एक्स्टिंक्शनचा आकडा मात्र लायडार रेशो किती धरला ते विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण २५ च्या जागी ६० धरलं की तेवढ्याच बॅकस्कॅटरचं एक्स्टिंक्शन दुपटीहून जास्त निघतं. शेजारी सूर्याचा उजेड हवेतून येताना किती घटला ते मोजणारा सन फोटोमीटर असेल तर एकूण ऑप्टिकल डेप्थशी ताळा जुळवून रेशो ठरवता येतो, पण तो सगळ्या थरांचा मिळून एकच येतो, खाली मीठ आणि वर धूळ असेल तर दोघांनाही तोच लागतो.

प्रश्न: रेशो धरावाच लागू नये असा काही उपाय नाही का?

उत्तर: आहे ना, दुसरं मोजमाप आणायचं. रामन लायडारमध्ये ५३२ नॅनोमीटरचा हिरवा उजेड सोडतात आणि नायट्रोजनने रंग बदलून परत पाठवलेला ६०७ चा उजेड वेगळा टिपतात. हवेत नायट्रोजन किती ते आपल्याला माहीत असतं, त्यामुळे तो सिग्नल अपेक्षेपेक्षा जेवढा जास्त घटला तेवढं एक्स्टिंक्शन, धरायचं जवळपास काही नाही. अडचण अशी की हा सिग्नल फारच क्षीण असतो, दिवसा सूर्यप्रकाशात हरवतो, शिवाय एक्स्टिंक्शन काढायला डेरिव्हेटिव्ह (उंचीनुसार सिग्नल किती झपाट्याने बदलतो ते) घ्यावा लागतो आणि त्यात नॉइज आणखी उसळतो, म्हणून बरेच पल्स एकत्र करून सरासरी काढतात. दुसरी पद्धत हाय स्पेक्ट्रल रिझोल्यूशनची: वेगाने धावणारे रेणू उजेडाची रेघ डॉप्लरमुळे रुंद करतात, जड कण जवळजवळ करत नाहीत, आणि बारीक फिल्टरने दोन्ही वेगळे पडतात. २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाला कणांचा प्रकार ओळखून त्यावरून रेशो धरावा लागायचा, २०२४ च्या अर्थकेअरवरचा लायडार याच दुसऱ्या पद्धतीने तो मोजतो.

प्रश्न: ढग असले तर?

उत्तर: पातळ ढगातून जमतं. दाट ढगात ऑप्टिकल डेप्थ ३ च्या आसपास गेली की पलीकडचं काही हाती लागत नाही.

प्रश्न: कणांचा आकारही कळतो का?

उत्तर: कळतो, पण ओढून काढावा लागतो. ३५५, ५३२ आणि १०६४ अशा तीन तरंगलांबींचे बॅकस्कॅटर आणि पहिल्या दोनचं एक्स्टिंक्शन, असे एका उंचीवर पाचच आकडे असतात. त्यावरून किती आकाराचे किती कण हा अख्खा आलेख शोधायचा, वर कणांचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सही (कण उजेड किती वळवतो आणि शोषतो त्याचा आकडा) अज्ञात. गणितात हे फ्रेडहोमचं पहिल्या प्रकारचं इंटिग्रल समीकरण, आणि ते इलपोज्ड आहे. म्हणजे वेगवेगळे आलेख जवळपास तेच पाच आकडे देतात, आणि सरळ उलटं सोडवलं तर मोजमापातल्या थोड्याशा चुकीने कणांची संख्या उणे यायला लागते. यावर टिखोनोव्हचं रेग्युलरायझेशन वापरतात: मोजमापाशी जुळणी आणि आलेखाचा गुळगुळीतपणा यांची बेरीज कमीत कमी करायची, दोघांमध्ये वजन किती हे एक पॅरामीटर ठरवतो. तो फार छोटा ठेवला तर आलेख पिसाटतो, फार मोठा ठेवला तर खरे उंचवटेही सपाट होतात, म्हणून मला हा सगळ्यात जोखमीचा टप्पा वाटतो. एकच उत्तर निवडण्याऐवजी जुळणाऱ्या बऱ्याच उत्तरांची सरासरी घेणं त्यातल्या त्यात बरं. अशाने इफेक्टिव्ह रेडियस (कणांची एक प्रकारची सरासरी त्रिज्या) आणि कणांचं एकूण घनफळ बऱ्यापैकी येतं, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स मात्र ढोबळच येतो. वाळवंटी धूळ असेल तर आणखी सांभाळून, कारण नेहमीचं गणित, गुस्ताव मी (Mie) या शास्त्रज्ञाचं, गोल कणांचं आहे आणि धुळीचे कण गोल नसतात. ते डीपोलरायझेशनवरून, म्हणजे परत आलेल्या उजेडाचं ध्रुवीकरण किती बदललं त्यावरून, लगेच ओळखू येतं, गोल थेंब ध्रुवीकरण बदलत नाहीत आणि धूळ ५३२ वर ०.३ च्या आसपास दाखवते, मग गोलाच्या जागी स्फेरॉइड (चपटा किंवा लांबट केलेला गोल) धरून हिशोब करतात.