लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून करावं की पोट उघडून?

तुम्ही लिहिलंय की वडील ६२ वर्षांचे आहेत, लिव्हरमध्ये ४ सेंटीमीटरची गाठ आहे, पुण्यात एक सर्जन दुर्बिणीतून काढू म्हणतात आणि दुसरे पोट उघडूनच. शिवाय दुर्बिणीत कॅन्सर आत राहून जाईल अशी धास्ती वाटतेय.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात दोन्ही झालीत. आधी वडिलांचं ओपन, मग काकांचं दुर्बिणीतून. दोन्ही वेळा सोलापूरहून सोबत मीच गेले होते.

वडिलांच्या वेळी मी दुर्बिणीचा हट्ट धरला होता. सर्जननी सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरून बोट ठेवलं. लिव्हरचे आठ भाग मानतात. वडिलांची गाठ सातव्यात, म्हणजे उजवीकडे पार वर, मागच्या बाजूला, मोठ्या शिरेजवळ. "इथे रक्त सुटलं तर मला हात आत घालता आला पाहिजे," एवढंच ते म्हणाले. काकांची गाठ डाव्या टोकाला होती, तिथे दुर्बीण सहज पोचते. तुमच्या दोन्ही सर्जनना विचारा, गाठ कितव्या भागात आहे, मोठ्या शिरेपासून किती लांब आहे आणि अशा जागेची ऑपरेशनं तुम्ही दुर्बिणीतून किती केलीत?

कॅन्सर राहून जाण्याचं म्हणाल, तर आत दोन्हीकडे तेवढंच कापतात, गाठीभोवती चांगल्या लिव्हरची कड घेऊन. पेशंट नीट निवडला असेल तर पुढचं आयुष्य दोन्हीत साधारण सारखंच मिळतं. काकांची गाठ पिशवीत घालून अख्खी बाहेर काढली. त्यामुळे चार भोकांखेरीज ओटीपोटावर चार बोटांची एक चीर आहेच. ती पाहून घाबरू नका. संमतीपत्रावर "गरज पडल्यास पोट उघडू" असं असतं, त्यावरही बिनधास्त सही करा. वेळेवर पोट उघडणारा सर्जन शहाणाच.

खरा फरक नंतर दिसतो. वडिलांना बरगडीखालून लांब टाके होते. खोकला आला की ते उशी पोटाशी आवळून धरायचे, डोळ्यांत पाणी यायचं. यंत्रमागाचं काम तीन महिने बंद. काका दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालले आणि सहाव्या दिवशी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने घरी आलो. सिरोसिस असेल, म्हणजे लिव्हर आधीच खराब होऊन कडक झालं असेल, तर दुर्बिणीचा आणखी एक फायदा आहे: पोटाची भिंत कमी कापली जाते, म्हणून नंतर पोटात पाणी साठण्याचा त्रास कमी होतो. मात्र आधीच पाणी झालंय, कावीळ आहे किंवा प्लेटलेट फार कमी आहेत, तर दोन्ही ऑपरेशनं जोखमीची. मग गाठ जाळणं किंवा लिव्हर बदलणं याबद्दल विचारा.

महात्मा फुले योजनेत हे बसतं का, ते भरती होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडून, पक्कं करून घ्या.

लिव्हरचा कॅन्सर ज्यांच्यामुळे होऊ शकतो त्या हिपॅटायटिस बी आणि सी विषाणूंचा रिपोर्ट काय आला ते तुम्ही लिहिलं नाहीत. वडिलांना बी निघाला, म्हणून डॉक्टरांनी सगळ्या भावंडांचं रक्त तपासायला लावलं. काकांनाही निघाला. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सुरू झाली, आणि त्यातच त्यांची गाठ लहान असताना सापडली. तुमच्याकडेही बी असेल तर काका, आत्या आणि तुम्ही भावंडं, सगळ्यांनी याच आठवड्यात रक्त देऊन या. वडिलांच्या बीच्या गोळ्या ऑपरेशननंतरही थांबवू नका, उरलेल्या लिव्हरमध्ये नवी गाठ होऊ शकते.