जुन्या सागवानी खिडक्यांना दुसरी काच लावायची, तर आतून

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपुरात धंतोलीतलं वडिलांनी बांधलेलं १९५६ सालचं घर, नऊ सागवानी खिडक्या, मे महिन्यात फटींतून येणारी धूळ आणि झळा, वादळ आलं की पाणी थेट दिवाणापर्यंत. मिनेसोटात राहणारी बहीण म्हणते, आमच्यासारख्या स्टॉर्म विंडो लावून घे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, हे सगळं काढून टाका, यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, सरकत्या खिडक्या बसवून देतो. तुमच्या जागी मी असते तर बहिणीचं ऐकलं असतं, फक्त तिचा उपाय उलटा करून घेतला असता. लक्ष्मीनगरच्या आमच्या घरी हे काम मी नऊ वर्षांपूर्वी केलं. त्यानंतर माहेरी आणि नात्यातल्या चार-पाच घरी स्वतः उभी राहून करून घेतलं. त्यातलं एक काम फसलं, तेही खाली सांगते.

बहीण म्हणते ती स्टॉर्म विंडो म्हणजे मूळ खिडकी तशीच ठेवून तिच्या बाहेर बसवलेली दुसरी खिडकी. तिकडे पूर्वी लाकडी चौकटीतल्या काचा थंडी सुरू व्हायच्या आधी बाहेरून वरच्या आकड्यांना टांगायचे आणि थंडी सरली की उतरवून ठेवायचे. पुढे ॲल्युमिनियमच्या, जाळीसकट सरकणाऱ्या आल्या, त्या बारा महिने जागेवरच राहतात. काम करते ती दोन काचांमध्ये कोंडलेली हवा. थांबलेल्या हवेतून उष्णता फार हळू सरकते, त्यामुळे एकेरी काचेच्या मानाने दोन काचांतून साधारण निम्मीच उष्णता इकडची तिकडे जाते. बाहेर बर्फ आणि आत हीटर असेल तिथे हा फरक फार मोठा.

आपल्याकडे पारा डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांवर उतरला होता हे खरं, पण तशा रात्री मोजक्या. त्याच नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश होते. म्हणजे आपल्याला अडवायचंय ते ऊन, झळा, धूळ आणि आडवा पाऊस. यातल्या झळा, धूळ आणि पाऊस या तिघांना दुसरी खिडकी चांगली अडवते. उन्हाला मात्र ती जवळजवळ काहीच करत नाही. साधी पारदर्शक काच अंगावर पडलेल्या उन्हातली ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत सोडते. तिच्यामागे तसलीच दुसरी काच लावली तरी फार तर दहा-बारा टक्क्यांनी उतार पडतो. काच लावली आणि खोली थंड होईल म्हणून वाट पाहत बसलेले लोक मी पाहिलेत. मग ते कामाला दोष देतात.

ऊन बाहेरच अडवायला लागतं. २६ मेच्या सुमाराला नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, सुरू होतो तोही तेव्हाच. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीत दुपारी ऊन येतच नाही, छज्जा पुरेसा होतो. छळतात त्या पश्चिमेच्या खिडक्या. चार-पाच वाजता सूर्य समोरून आत घुसतो आणि दीड फुटाचा छज्जा तिथे काही कामाचा राहत नाही. तिथे छज्ज्याच्या कडेपासून खाली सोडलेला बांबूचा चिक किंवा हिरवी नेट हवी, खिडकीपासून हातभर लांब, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. नेट घेताना किती टक्के सावलीची ते विचारून घ्या. पश्चिमेला ७५ टक्क्यांच्या खालची घेऊ नका. घरातला जाड पडदा त्यानंतर येतो, कारण पडद्याने अडवलेली उष्णता तोवर खोलीत आलेली असते.

आता उलटं करायचं म्हणजे काय ते सांगते. तुमच्या खिडकीचे पल्ले बाहेर उघडतात आणि गज आतल्या बाजूला आहेत, आपल्याकडच्या त्या काळच्या बहुतेक घरांत असंच आहे. बाहेरून दुसरी खिडकी बसवली की हे पल्ले उघडणारच नाहीत. म्हणून नवी काच गजांच्या आत, खोलीच्या बाजूला बसवायची. जुन्या घरांच्या भिंती जाड असल्यामुळे चौकटीच्या आत चार-सहा इंचांचा कोनाडा मिळतो, त्यात ती आरामात मावते. मग बाहेरचा सागवानी पल्लाच तुमची स्टॉर्म विंडो होतो. वारा, धूळ आणि पावसाचा पहिला मार तो खाणार, उरलेलं आतली काच अडवणार. सत्तर वर्षांच्या आसपास त्याने हे काम एकट्याने केलंय, त्याला फक्त एक जोडीदार द्यायचाय.

यूपीव्हीसीला माझा विरोध का, तेही ऐका. जुन्या चौकटी होल्डफास्टने, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी, भिंतीत गाडलेल्या असतात. त्या उपटताना आजूबाजूच्या विटा हलतात, प्लास्टर पडतं, आणि जोडाई चुन्याची असेल तर पडझड कुठे थांबेल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे सरकती खिडकी दोन रुळांची असेल तर कधीही अर्धीच उघडते, तुमचा पल्ला पूर्ण उघडतो. आणि नागपुरात खिडकी किती उघडते यावर कूलर चालणार की नाही ते ठरतं.

कूलरचं नीट समजून घ्या, कारण बाहेरदेशीच्या स्टॉर्म विंडोच्या माहितीत हे सहसा सापडत नाही. कूलर जितकी हवा आत ढकलतो तितकीच दुसरीकडून बाहेर जायला हवी. तिला वाट मिळाली नाही की खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि गारवा संपतो. नव्या काचा बसवून सगळं घट्ट बंद करून घेतलं आणि नंतर कूलर बिघडला म्हणून मिस्त्रीला बोलावलं, असं माझ्या जावेकडे झालं. कूलरमध्ये काही दोष नव्हता, हवेला वाट नव्हती. म्हणून ज्या खिडकीत कूलर बसतो तिला दुसरी काच लावूच नका. तिच्या समोरच्या खिडकीला लावाल ती सरकणारी किंवा उचलून काढता येणारी हवी. आणि छताजवळचे झरोके असतील तर ते कुणाच्याही सांगण्यावरून बुजवू नका. सगळ्यात गरम हवा तिथूनच जाते. चिमण्यांसाठी जाळी मारा, तेवढं पुरे.

कामाला हात घालायच्या आधी जुन्या खिडक्या दुरुस्त करा. चौकटीच्या खालच्या लाकडात पेचकसाचं टोक दाबून पाहा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी आहे. तेवढाच तुकडा कापून नव्या सागवानाचा सांधा देता येतो, पूर्ण चौकट बदलायची गरज सहसा पडत नाही. तावदानांची पुट्टी सुकून पडली असेल तर जवसाच्या तेलात खडूची पूड मळलेली जुन्या पद्धतीची पुट्टी भरून घ्या. ती कडक व्हायला दोनेक आठवडे लागतात. त्यावर रंग देताना तो काचेवर दोन मिलिमीटर येऊ द्या, नाहीतर पुट्टी आणि काचेच्या मधून पाणी उतरतं. रंगारी ती कड पुसून स्वच्छ करायला जातो, त्याला थांबवा.

रंधा मारायची वेळ फार महत्त्वाची. जुलैत लाकूड फुगतं, पल्ले अडकतात, आणि सुतार म्हणतो, "ताई, अडकून राहिली न खिडकी, दोन हात मारून देतो." मारू देऊ नका. तेच लाकूड मेमध्ये आकसतं आणि पावसाळ्यात तासलेल्या जागी करंगळी जाईल एवढी फट पडते. तुमच्या झळा कदाचित अशाच जुन्या रंध्यांतून येत असतील. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, तेव्हा लाकूड मधल्या स्थितीत असतं. फटी कुठे आहेत ते शोधायला वाऱ्याच्या दिवशी पंखे बंद करून पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवा. जिथे धूर वाकतो तिथे खडूने खूण करा.

माप घेताना जुनी चौकट काटकोनात आहे असं गृहीत धरू नका. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात लहान घ्या आणि त्यातून पाच मिलिमीटर कमी करा. उंचीचंही तसंच. दोन्ही कर्ण मोजा. त्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर आधी सागवानाची सरळ पट्टी मारून कोनाडा सुधारून घ्या आणि नंतरच काच मागवा. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. बिछान्याजवळच्या आणि लहान मुलांच्या हाताला येणाऱ्या खिडक्यांना मात्र तीच घ्या. वजनाचाही विचार करा. चार मिलिमीटर काच एका चौरस मीटरला दहा किलो भरते, म्हणजे चार बाय चार फुटांची एकसंध काच पंधरा किलोंची. तुमच्या आईंना ती उचलवणार नाही. त्यांच्या खोलीत दोन सरकते भाग करा.

वजन टाळायला ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, सुचवतील. ते काचेच्या निम्म्याहून हलकं असतं, पण चरे पडतात आणि उन्हाने फार पसरतं. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की एक मीटरचा पत्रा जवळजवळ तीन मिलिमीटर वाढतो. खाचेत तेवढी जागा सोडली नाही तर मेमध्ये मध्येच फुगून येतो. उत्तरेच्या खिडकीला चालेल, पश्चिमेला मी लावणार नाही.

कडांना ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या, रबराची पट्टी आणि सरकत्या भागाला ब्रशची पट्टी. फोमची चिकटपट्टी स्वस्त मिळते, पण आपल्या उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि दुसऱ्या वर्षी ती लोंबायला लागते. तिच्यावर पैसे घालू नका.

आता फसलेलं काम. महाल भागात मावसबहिणीच्या घरी दोन खिडक्यांचे पल्ले आत उघडणारे होते, म्हणून तिथे काच बाहेरून बसवली. बसवणाऱ्याने चारही कडा सिलिकॉनने बंद केल्या, खालचीसुद्धा. मी तिथेच होते, काम स्वच्छ दिसत होतं, मी काही बोलले नाही. वादळी पावसात छज्ज्याखालून वरच्या बाजूने थोडं पाणी शिरलं आणि त्याला बाहेर जायला जागाच नव्हती. दोन काचांच्या मध्ये ते साचून राहिलं. पुढच्या दिवाळीला रंग द्यायला पल्ला काढला तर खालची आडवी पट्टी बोटाने दाबली जात होती. इतकी वर्षं उघड्यावर टिकलेलं सागवान आम्ही झाकून कुजवलं. ते मला अजून लागतं.

म्हणून बाहेरच्या थराची खालची कड कधीही बंद करायची नाही. तिकडच्या स्टॉर्म विंडोलाही खाली पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, आणि आपल्याकडच्या हौशी कारागिरांना ती चूक वाटते. आतला थर घट्ट, बाहेरचा थोडा सैल, हे लक्षात ठेवा. तिकडे असं करतात कारण घरातली उबदार दमट हवा बाहेरच्या थंड काचेवर जाऊन ओलावा धरते. आपल्याकडे घरात हीटर नसल्याने तो त्रास नाही. पण तुम्ही ऑगस्टमध्ये एसी लावत असाल तर बाहेरची दमट हवा फटींतून मध्ये येते आणि आतल्या गार काचेच्या पाठीवर थेंब धरते. ते थेंब खाली ओघळतात. त्यांच्यासाठी चौकटीच्या खालच्या लाकडाला बाहेरच्या बाजूने उतार हवा आणि पल्ल्याखाली दोन-तीन मिलिमीटरची मोकळी फट हवी. खिडकीखालच्या दगडी फरशीच्या बाहेरच्या कडेला, खालून, एक बारीक आडवी खाच पाडून घ्या. पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीला चिकटून आत येत नाही. दिवाणापर्यंत येणाऱ्या तुमच्या पाण्याचं निम्मं उत्तर मला या खाचेतच दिसतं.

आवाजाचंही विचारलंत. दोन काचांत चार इंचांचं अंतर पडलं तर रस्त्याचा आवाज जाणवण्याइतका कमी होतो. आमच्या समोरच्या खोलीत सगळ्यात आधी तोच फरक कळला.

नऊच्या नऊ खिडक्या एकदम करू नका. पश्चिमेची एक घ्या, आधी दुरुस्ती, मग चिक, मग आतली काच, आणि एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ द्या. तुमच्या आई ज्या खोलीत झोपतात तिथल्या खिडकीचा आतला कोनाडा किती इंच खोल आहे तेवढं मोजून कळवा. तीन इंचांहून कमी असेल तर सरकत्या पट्ट्या बसणार नाहीत, उचलून काढायची दोन छोटी तावदानं करावी लागतील, आणि मग त्यांची मुठ कुठे बसवायची ते मी काढून दाखवते.