थंडीत उभी राहणारी मोटरहोम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) पुढचे चार महिने उघड्यावर उभी राहणार आहे. रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. पिण्याच्या पाण्याची टाकी मी पूर्ण रिकामी केली आहे. एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही, कारण टाकीला मुळात सगळ्यात कमी धोका असतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. टाकीत तळाशी थोडं पाणी राहिलंच, तर बर्फाला वर सरकायला जागा मिळते. फुटतात ते भाग असे, की जिथे पाणी चहूबाजूंनी कोंडलेलं असतं : पंपाचं डोकं, नळाच्या आतलं कार्ट्रिज, गिझर, बाहेरून पाणी घेण्याच्या तोंडामागचा एकमार्गी व्हॉल्व्ह. तिथे चमचाभर पाणीसुद्धा नुकसान करायला पुरतं.

आधी गिझर बंद करा आणि पाणी पूर्ण थंड होऊ द्या. गरम गिझरमधलं पाणी दाबाखाली असतं, प्लग सैल करताच ते अंगावर उडतं. मग पंप बंद करून एक नळ उघडा म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. आता टाकीचा, गिझरचा आणि गरम-थंड लाइनचे खालचे निचऱ्याचे व्हॉल्व्ह उघडा. गाडी निचऱ्याच्या बाजूला किंचित कललेली असली तर फार फरक पडतो. त्यासाठी पलीकडच्या चाकाखाली फळी घाला.

टाकी संपली की सगळे नळ उघडे ठेवून पंप अर्धा ते एक मिनिट चालवा. पाण्याऐवजी हवा येऊ लागली की थांबवा, कोरडा पंप फार वेळ चालवू नये. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी वाटी असते, आत बारीक जाळी असलेली. ती फिरवून काढा आणि पुसून कोरडी करा. ही वाटी बरेच जण विसरतात. तिला गेलेला तडा केसाएवढा बारीक असतो. थंडी संपल्यावर पंप नुसताच घरघरतो आणि टाकीतून पाणी ओढत नाही. पाण्याचा फिल्टर असेल तर त्याचं कार्ट्रिजही काढून ठेवा.

एका दांड्याचा मिक्सर नळ असेल तर दांडा उचलून बरोबर मधोमध ठेवा. तो गरम बाजूला वळलेला राहिला तर थंड पाण्याची वाट बंदच राहते आणि त्या बाजूचं पाणी तिथेच अडकतं. सगळे नळ हिवाळाभर उघडेच राहू द्या. हातशॉवर काढून झटका आणि खाली ठेवा. टांगलेल्या नळीला झोळ पडतो आणि त्यात पाणी साचतं. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेटची फ्लशची टाकी वेगळी असेल तर तीही आठवणीने रिकामी करा.

प्रश्न : पाणी काढून टाकल्यावर पाइपमध्ये हवा मारावी की अँटीफ्रीझ (थंडीत सहज न गोठणारा द्रव) भरावं?

उत्तर : उताराने जे पाणी निघत नाही त्यासाठी हवा चांगली. दाब 2 ते 2.5 बार, म्हणजे 30 ते 35 पीएसआयच्या वर नेऊ नका. टायरचा कॉम्प्रेसर पूर्ण दाबाने जोडला की पाइपचे सांधे निसटतात. कॉम्प्रेसर शक्यतो तेलविरहित असावा, नाहीतर पिण्याच्या पाण्याच्या पाइपमध्ये तेलाचा वास बसतो. हवा मारताना मात्र सगळे नळ बंद ठेवून एका वेळी एकच उघडा. सगळे एकदम उघडले तर हवा जवळच्या वाटेने निघून जाते आणि लांबच्या वळणातलं पाणी जागचं हलत नाही.

थंडी कडक असेल, किंवा पाइप इतके वेडेवाकडे असतील की खात्री वाटत नाही, तर अँटीफ्रीझ भरा. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं, पिण्याच्या पाण्याच्या लाइनसाठी विकलं जाणारं, सहसा गुलाबी रंगाचं असतं. इंजिनाच्या रेडिएटरमधलं इथे कदापि वापरू नका. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. गुलाबी द्रव तयार मिळतो तेव्हा त्यात पाणी घालू नका. पाइपमध्ये पाणी उरलं असेल तरीही तो पातळ होतो, म्हणून निचरा आधीच झालेला हवा. डब्यावर बहुधा उणे 46 अंश लिहिलेलं असतं. तो आकडा पाइप फुटण्याचा आहे, द्रव गोठू लागण्याचा नव्हे. तो त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या लगद्यासारखा होतो, पण लगदा पाइप फोडत नाही.

भरण्यापूर्वी गिझर बायपास करा, म्हणजे द्रव गिझरमध्ये न शिरता त्याला वळसा घालून जाईल, नाहीतर पहिले 20-25 लिटर तो एकटाच पिऊन टाकेल. बायपास केला की बहुतेक गाड्यांना 8 ते 12 लिटर पुरतात. पंपाची ओढणारी नळी थेट डब्यात बुडवा आणि प्रत्येक नळ, आधी गरम मग थंड, गुलाबी धार येईपर्यंत चालवा. बायपास नसेल तर अँटीफ्रीझच्या भानगडीत न पडता हवा आणि निचरा यांवर भिस्त ठेवा.

काहीही निवडलंत तरी एक काम सोडू नका. बेसिन आणि शॉवरखालच्या यू आकाराच्या वळणात पाणी उभंच असतं, हवेने ते जात नाही. प्रत्येकात एक-दीड पेला अँटीफ्रीझ ओता.

प्रश्न : एका थंड रात्री गिझरचं सगळं पाणी आपोआप गाडीखाली वाहून गेलं. व्हॉल्व्ह बिघडला का?

उत्तर : नाही, त्याने त्याचं काम केलं. अनेक गिझरना दंवरोधक व्हॉल्व्ह असतो. आसपासचं तापमान सुमारे 3 अंशांवर आलं की तो विजेशिवाय उघडतो आणि पुन्हा 7 अंशांच्या आसपास ऊब मिळाल्याशिवाय बंद होत नाही. काही जण त्याला कपड्यांचा चिमटा लावून जबरदस्तीने बंद ठेवतात. गाडी उभी करताना तो चिमटा राहून गेला की गिझर फुटण्याची वेळ येते, आणि गाडीतल्या सगळ्यात महाग वस्तूंपैकी तो एक आहे. हा व्हॉल्व्ह फक्त गिझर रिकामा करतो. पंप आणि थंड लाइन तुम्हालाच पाहायची आहे.

प्रश्न : बॅटरीचा मेन स्विच बंद केला, तरी दीड महिन्यात बॅटरी बसली. ती थंडीने गोठू शकते का?

उत्तर : बसलेली गोठते, भरलेली सहसा नाही. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर आतलं आम्ल उणे 50 अंशांच्याही खाली टिकतं. निम्मी उतरली की साधारण उणे 20 ते 25, आणि पार रिकामी झाली की उणे 7 ते 10 अंशांतच ते गोठतं, प्लेटा वाकतात आणि खोका फुगतो. फुगलेली किंवा गोठलेली बॅटरी चार्जरला लावू नका, तिचा स्फोट होऊ शकतो.

मेन स्विच बऱ्याचदा गॅस अलार्म, पायरीची मोटर, कंट्रोल पॅनेल यांना तोडत नाही. ही ओढ 100 मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला 2.4 अँपिअर-तास जातात, म्हणजे 90 अँपिअर-तासांची बॅटरी 19 दिवसांत निम्मी. म्हणून आधी पूर्ण चार्ज करा, मग ऋण टर्मिनल काढून ठेवा. सोलर पॅनेल असेल तर बॅटरी सोडवण्यापूर्वी कंट्रोलरपासून पॅनेल सोडवा. महिन्या-दीड महिन्याने मीटर लावा : 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 दिसले की चार्ज करा.

लिथियमचं उलट आहे. ती 50-60 टक्क्यांवर ठेवून पूर्ण तोडून टाका. शून्याखाली तिला चार्ज देऊ नका, आत धातूचा लिथियम साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

प्रश्न : आत छोटा हीटर 5 अंशांवर चालू ठेवला तर हे सगळं टाळता येईल?

उत्तर : हीटर खोली गरम करतो. गाडीच्या तळाखालची सांडपाण्याची टाकी, बाहेरच्या कप्प्यातले पाइप तिथे ती ऊब पोचत नाही. वीज गेली तर काहीच उरत नाही. दमटपणा कमी करायला हीटर ठीक, पाणी भरलेलं ठेवायला नाही.

प्रश्न : इंजिन दर आठवड्याला दहा मिनिटं सुरू करावं का?

उत्तर : करू नका. दहा मिनिटांत तेल तापत नाही, उलट जळणातून तयार झालेली वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. गाडी काढता येत असेल तर महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवा, नाहीतर शांत उभी राहू द्या. डिझेल थंडीतलं भरलेलं असावं, उन्हाळी डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद करतं. कूलंट निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असेल तर उणे 37 अंशांपर्यंत निभावतं. काचेवर मारायचं साधं पाणीही बदला. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चाकांना अडण्या लावा.

प्रश्न : हिवाळा संपल्यावर काही फुटलंय का, हे टाकी भरण्याआधी कसं कळेल?

उत्तर : टाकीत फक्त 10 लिटर पाणी घाला. सगळे निचरे आणि नळ बंद करा, पंप चालू करा, एकेक नळ उघडून हवा काढा आणि पुन्हा बंद करा. दाब भरला की पंप थांबला पाहिजे. कोणीही नळ न उघडता तो पाच-दहा मिनिटांत पुन्हा एकदा घरघरला, तर कुठेतरी गळतं आहे. प्रत्येक सांध्याखाली, पंपाखाली आणि गिझरखाली कोरडा टिश्यू ठेवा आणि अर्धा तास थांबा. ज्या टिश्यूवर ओला ठिपका उमटेल, दुरुस्ती तिथे आहे.