एका जागी बस

बाळ,

तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. फोनच करणार होते, पण फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणत सगळं मान्य करतेस आणि ठेवला की विसरतेस, म्हणून बसून टाइप करतेय. सावकाश वाच.

तू लिहिलंयस की चार गोधड्या सुरू केल्या, एकही पुरी नाही. षट्कोनी तुकडे दोनशे कापून ठेवलेत, त्यातले अकरा जोडलेत. भरतकामाची रिंग कपाटावर पडलीय. पक्षी बघायला दुर्बीण घेतलीस आणि अंगणात कबुतरं सोडून काही येत नाही म्हणतेस. आणि वर हे, की घरात सुई चालवत बसणं म्हणजे आपण काही करतच नाही असं वाटतं, मग ऑर्डरी घेऊ का, पेज काढू का, क्लास लावू का. हाताला काम असलं की मन शांत राहतं वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला माहितीये, नाहीतर मला विचारलंच नसतंस.

मला एकच सांग. तू बसतेस कुठे?

कारण एप्रिलमध्ये तू चार दिवस माझ्याकडे होतीस तेव्हा मी बघितलंय. पहिल्या दिवशी पडवीत बसलीस, दुसऱ्या दिवशी ऊन येतं म्हणून आतल्या पलंगावर, तिसऱ्या दिवशी फोटोला उजेड बरा म्हणून गच्चीवर, चौथ्या दिवशी चारी कोपऱ्यांत तुझे दोरे आणि टाचण्या सापडत होत्या. दर वेळी पसारा उचलायचा, नवीन ठिकाणी मांडायचा, मग सुई कुठे, अंगुस्तान कुठे, आणि बसल्यावर दहा मिनिटांत पुन्हा उठायचं. माझं सगळं सांगणं एवढंच आहे, एका जागी बस. रोज तीच जागा, तीच वेळ, तीच सतरंजी. तुझ्या गोधडीचंही औषध तेच आहे आणि कबुतरांचंही.

आधी गोधडीचं. हिशेब मांडून बघ एकदा, मी मांडलाय. साडेपाच मीटरची साडी तीन पदरी घातली की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद होते, एका माणसाची गोधडी. पाऊण पाऊण इंचावर धावदोऱ्याच्या रांगा घातल्यास तर सगळी मिळून एकशे दहा मीटर शिवण होते, आणि इंचाला चार टाके धरले तर सतरा हजारांच्या वर टाके. सतरा हजार! हे काय उत्साहाच्या भरात होतं का? उत्साह दोनशे तुकडे कापण्यापुरताच पुरतो, बघितलंसच की. सतरा हजार टाके होतात ते रोज सकाळी साडेसहाला त्याच खांबाला पाठ लावून बसलं म्हणून. रोज दोन तास बसलीस तर पंधरा-वीस दिवसांत होते, आणि आता मे संपत आलाय, आपल्याकडे जूनच्या दहा-बाराला पाऊस धरतो, एकदा हवा दमट झाली की सुई कापडात ओढत नाही, चार पदरांत ओल बसते ती बसतेच. उन्हाळ्याच्या शेवटाला गोधड्या शिवायची आपली जुनी रीत आहे ती उगाच नाही.

आणि नवीन काही आणू नकोस. ती गोल पात्याची कात्री, ती हिरवी मॅट, राहू दे सगळं कपाटात. खाली एक अस्तर, वर एक चांगली साडी, मधे जुन्या मऊ सुती कापडाची भर. मधे नायलॉनची साडी घालू नकोस, ती सुळसुळते, वरचा पदर एकीकडे जातो आणि खालचा दुसरीकडे आणि मग मधोमध फुगा येतो जो कशानं बसत नाही. आधी चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून हातानं ताणून घे, हातभर अंतरावर कच्चे टाके टाक, मग काठापासून सुरुवात करून गोल गोल आत ये. दोरा हातभरच घे, लांब घेतलास तर गुंततो आणि तू चिडतेस. सुई अडायला लागली की केसांतून फिरव, आमच्या आया अशाच करायच्या, केसांच्या तेलानं ती पुन्हा सरसरीत चालते. टाका वाकडा गेला तर जाऊ दे. उसवत बसू नकोस. तुझ्या अकरा षट्कोनांतले सहा तू उसवून पुन्हा केलेत हे मला माहितीये.

आता कबुतरांचं.

तू दुर्बीण घेऊन बागेत फिरतेस म्हणून काही दिसत नाही. फिरणारं माणूस म्हणजे धोका. बसलेलं माणूस, तेही रोज त्याच जागी, आणि ज्याचे हात एका लयीत हळूहळू हलतायत, ते आठवड्याभरात खांबासारखं होऊन जातं. माझ्याकडे आत्ता पडवीपासून चार हातांवर अंजिराचं झाड आहे, तू बघितलंस, त्याच्या एका पानात शिंपिणीनं घर केलंय. शिंपी पक्षी. अंगठ्याएवढं अंग, आठ-नऊ ग्रॅम वजन, आणि आवाज असा की अख्खी आळी उठेल. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी गुलाबी साडीची गोधडी घेऊन बसले होते आणि ती त्या पानाच्या कडेला चोचीनं भोकं पाडत होती. एक भोक इकडच्या कडेला, एक तिकडच्या, मग कोळ्याच्या जाळ्याचा धागा नाहीतर कापसाचा तंतू त्यातून ओढायचा. ती गाठ मारत नाही गं! मी चष्मा पुसून पुसून बघितलं. धागा भोकातून ओढला की बाहेरचं टोक पिंजारून फुगतं आणि तेच अडकून बसतं, प्रत्येक टाका आपला आपला, सलग दोरा नाहीच. दोन्ही कडा जवळ आल्या की पानाची पुरचुंडी होते आणि आत मऊ कापूस. पान झाडालाच असतं, हिरवंच राहतं, म्हणून बाहेरून घरटं दिसतच नाही. अंडी उबायला साधारण बारा दिवस, मग पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे. आत्ता ती दोघं दिवसभर अळ्या आणतायत. माझ्या हातात सुई, तिच्या तोंडात अळी, आणि ती माझ्याकडे बघून क्षणभर थांबते आणि मग आत जाते. हे मला कुठल्या दुर्बिणीतून दिसलं नसतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. बागेत दोऱ्याची टोकं टाकायची असतील तर बोटाच्या पेराएवढीच, आणि सुतीच. मी एका वर्षी हौसेनं लांब लांब रंगीत दोरे कुंपणावर टाकले, पाखरांना घरट्याला होतील म्हणून. एका बुलबुलाच्या पायाला तो दोरा गुंडाळला गेला. मी कात्रीनं कापला, पण पाय सुजलेला होता, ते नंतर दिसलं नाही. ते माझ्या हातून झालं.

आणि लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला तर औषध मारू नकोस. ती अळी असते फुलपाखराची, मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलंस तर डोक्यामागून केशरी दोन शिंगं बाहेर काढून घाण वास सोडते. गुलाबाच्या पानांच्या कडा कुणी पंचिंग मशीननं कातरल्यासारख्या गोल कापलेल्या दिसल्या तरी तेच, ती पानं कापणारी मधमाशी असते, लांबट तुकडे कापते घराच्या भिंतींना आणि बरोबर गोल तुकडा झाकणाला. तीसुद्धा ठिगळंच जोडते! मला हे कळायच्या आधी मी दोन वर्षं फवारत होते, नर्सरीवाल्यानं सांगितलं म्हणून. त्या दोन वर्षांत अंगणात काहीच नव्हतं, आणि गुलाब तरी कुठे बरे आले? एका मातीच्या परळात पाणी ठेव, रोज बदल, आणि त्याच्याकडे तोंड करून बस. एका जागी. दयाळ येईल, होले येतील, भारद्वाज येईल, सरडा तर येईलच. पण तू तिथे असायला पाहिजेस, आज इथे उद्या तिथे नाही.

तुला वाटेल काकूंना एकच धोशा आहे. आहेच. तो का आहे तेही सांगते.

माझं लग्न झाल्यावर ह्यांच्या नोकरीत बदल्या. अकरा वर्षांत सहा घरं. मी एका गोधडीला सुरुवात केली होती, चंद्रकळेचा काठ लावून, ती ट्रंकेत घालून सहाही गावांना नेली. प्रत्येक ठिकाणी म्हणायचे, आता इथे बस्तान बसलं की पुरी करते. चौथ्या गावात उघडली तेव्हा कसर लागलेली होती. आणि १९९४ साली आई गेली, तिच्या पाच इरकली नऊवाऱ्या माझ्या वाट्याला आल्या. आम्ही तेव्हा सामान बांधत होतो. दारात बोहारीण आली, मी म्हटलं आणखी एक बोचकं कुठे वागवत नेऊ, आणि पाचही तिला दिल्या. एक स्टीलची कळशी घेतली. ती कळशी अजून आहे, मोरीत. रोज सकाळी पाणी भरताना त्या साड्यांचे रंग आठवतात, एक डाळिंबी होती, एक मोरपिशी, एकीच्या टोपपदरावर आईनं स्वतः रफू केलेलं होतं, इतकं बारीक की शोधायला लागायचं. त्यांच्यात किती सुंदर गोधडी झाली असती. बोहारणीचा काय दोष, तिनं तिचा व्यवहार केला. मी बसले नव्हते कुठे, हाच दोष.

म्हणून २००५ साली हे घर झालं तेव्हा मी ठरवलं, आता इथून उठायचं नाही. लोक म्हणतात हट्टी आहे. मुलाला अंगणात पेव्हर ब्लॉक घालून गाडी लावायची होती, मी नाही म्हटलं. गाडी गल्लीत उभी राहते, पावसात भिजते, एकदा कुणीतरी घासूनही गेलं, आणि अजून घरात त्यावरून बोलणं होतं. पण ब्लॉक घातले असते तर अंजीर गेला असता, लिंबू गेलं असतं, वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीतून पंखवाल्या वाळव्या निघतात आणि त्यांच्यावर कोतवाल झडप घालतो ते गेलं असतं. मुलं पुण्याला येऊन राहा म्हणतात, सातव्या मजल्यावर. येते चार दिवस, नातवंडांचे लाड करते, परत येते. त्यांना वाईट वाटतं, दिसतं मला. पण माझी जागा इकडे आहे, त्याला मी काय करू? मी कुणावर रागावून इथे बसलेली नाही, हे तू तरी समजून घे.

ऑर्डरींचं विचारलंस. मी एकदा घेतल्या होत्या. शहरातल्या एका दुकानाला बारा दुपटी पाहिजे होती, महिन्यात. रात्री ट्यूबलाइटखाली शिवली, बोटांना भोकं पडली, आणि त्यांनी पाच परत पाठवली, टाके एकसारखे नाहीत म्हणून. हाताचे टाके एकसारखे कसे असतील? पैसे कमी मिळाले ते मिळाले, पण त्या महिन्यात माझ्या पडवीसमोर काय काय येऊन गेलं ते मला माहितीच नाही, ते जास्त लागलं. तू घेऊ नकोस असं म्हणत नाही, तुझं वय वेगळं, तुझी गरज वेगळी. पण आधी एक गोधडी काठापासून मध्यापर्यंत पुरी कर, मग ठरव. एकही पुरी नसताना पेज काढून काय दाखवणार आहेस, अकरा षट्कोन?

आणि "घरात बसून काही करत नाही" हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. राग येतो. बसणं हेच करणं आहे. आमच्या आयांनी, आज्यांनी सगळ्या घरादाराच्या अंगावर घातलं ते बसूनच शिवलेलं होतं, आणि कुणी त्यांना विचारलं नाही की तू दिवसभर काय केलंस. खरं तर विचारत होते, आणि त्याचंही मला वाईट वाटतं, पण ते वेगळं पत्र होईल.

बरं, आता ऐक. शनिवारी ये. चार गोधड्यांतली एकच आण, ती निळी, जिचा काठ अर्धा झालाय. बाकीच्या तीन बोचक्यात बांधून माळ्यावर टाक. षट्कोन आणू नकोस, रिंग आणू नकोस, दुर्बीणही नको. आईची एखादी जुनी मऊ साडी मिळाली तर आण, विचारून आण, न विचारता कपाटातून काढू नकोस. मी तुझ्यासाठी पडवीत उजवीकडचा खांब मोकळा ठेवलाय, आठ दिवस तू तिथेच बसायचंस, मी डावीकडे. तुला आवडली नाही जागा तरी तिथेच.

सकाळी लवकर निघ, ऊन चढायच्या आत पोच. आणि मागच्या दारानं ये. पुढच्या फाटकाची कडी वाजते आणि पिल्लांना अजून चार-पाच दिवस तरी आतच राहायचंय.

तुझी,
काकू