मुलासाठी आणलेला इग्वाना आणि पालकांचे दायित्व

प्रश्न : आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. मुलगा दहावी उत्तीर्ण झाल्यावर त्याच्या हट्टावरून आम्ही ऑनलाइन ओळख झालेल्या एका विक्रेत्याकडून हिरवा इग्वाना (सरड्यासारखा मोठा सरपटणारा प्राणी) विकत घेतला. पैसे माझ्या खात्यातून गेले, पावती मिळाली नाही. सरकारदरबारी नोंदणी करावी लागते हे आम्हाला ठाऊक नव्हते. मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात आम्ही पतिपत्नी घरी नसताना त्याने मित्रांना बोलावून रील काढले. त्या वेळी इग्वानाने शेजाऱ्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या बोटाला चावा घेतला आणि चार टाके घालावे लागले. त्या मुलानेच त्याला छेडले होते. शेजारी आता पोलिसांत जाण्याची भाषा करतात. रील काढून टाकावे आणि प्राणी कुळागरामागच्या रानात सोडून द्यावा, असे मुलाचे म्हणणे आहे. प्राणी मुलाचा आहे असे सांगितल्यास आम्ही सुटू का? — एक पालक

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण त्याआधी एक तातडीची गोष्ट सांगतो. तो प्राणी कोणत्याही परिस्थितीत रानात सोडू नका.

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. फ्लोरिडा, पोर्तो रिको, तैवान आणि सिंगापूर येथे पाळलेले इग्वाना निसटून किंवा सोडले जाऊन तेथेच वाढले आणि तिथल्या यंत्रणांना डोकेदुखी होऊन बसले. उष्ण, दमट हवा आणि बारमाही हिरवा पाला ही त्यांना लागणारी परिस्थिती गोव्यात आयती आहे, आणि मादी एका वेळी वीसहून अधिक अंडी घालते. तुमच्याच तालुक्यात बोंडला अभयारण्य आहे. आपल्या निष्काळजीपणाचे ओझे त्या रानावर टाकण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राणी सोडून देणे ही प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली क्रूरता आहे. शिवाय तक्रारीची चाहूल लागल्यानंतर प्राणी नाहीसा झाला, तर तो पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न समजला जाईल, आणि आज बचावासाठी तुमच्याकडे जे थोडेफार आहे तेही हातून जाईल.

आता मालकीविषयी. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान (अठरा वर्षांखालील) व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य असतो, हे ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी प्रकरणात ठरवून दिले आहे. पैसे तुम्ही दिले, जागा तुमची, खाद्य आणि पिंजऱ्याचा खर्च तुमचा. त्यामुळे खरेदीदार आणि ताबेदार तुम्हीच ठरता. मुलाला पुढे केल्याने तुमची जबाबदारी कमी होणार नाही, उलट तो प्रकरणात ओढला जाईल. बारा वर्षांवरील मुलाला वयाचे संपूर्ण संरक्षण नसते. बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील आदर्श नियमांनुसार अतिगंभीर नसलेल्या गुन्ह्यांत मुलाविरुद्ध सहसा प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) नोंदवला जात नाही, परंतु प्रौढ व्यक्तीसह मिळून गुन्हा केल्याचा आरोप असेल तेव्हा हा दिलासा राहत नाही. आपण सुटावे म्हणून बापाने सोळा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळासमोर उभे करावे, असा सल्ला मी देणार नाही.

नोंदणीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजाती त्यायोगे चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि हिरवा इग्वाना त्यांत मोडतो. कलम ४९ एम आणि २८ फेब्रुवारी २०२४ चे नोंदणी नियम यांनुसार असा जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची असते. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती. त्यानंतर घेतलेल्या प्राण्यासाठी ती तीस दिवसांची आहे. तुमची मुदत उलटून गेली आहे. ‘घरी ठेवायला कागद लागत नाहीत’ असे विक्रेते आजही सांगतात, ते बहुधा २०२० च्या स्वेच्छा-घोषणा योजनेच्या आधारावर. तीत असे विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना कागदपत्रांशिवाय स्वतःहून माहिती देता येत होती. ती सवलत मर्यादित काळापुरती होती आणि केव्हाच संपली. अधिनियमाच्या उल्लंघनासाठी कलम ५१ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी सर्वसाधारण तरतूद आहे. कलम ५४ खाली काही गुन्ह्यांत रक्कम भरून तडजोड करता येते, पण ती अधिकाऱ्यांच्या विवेकावर अवलंबून असते. तो तुमचा हक्क नव्हे.

म्हणून येत्या आठवड्यातच वन्यजीव कायद्याची कामे करणाऱ्या वकिलामार्फत निवेदन तयार करून घ्या आणि ते नोंदणीच्या अर्जासोबत सादर करा. प्राणी कधी, कोणाकडून, किती रुपयांना घेतला, पैसे कसे दिले, चाव्याची घटना केव्हा घडली हे सर्व त्यात खरे लिहा. जुनी तारीख घातलेली पावती विक्रेत्याकडून मागवू नका. बँकेचा उतारा आणि विक्रेत्याशी झालेले संदेश जसेच्या तसे जपून ठेवा, कारण हा प्राणी कोठून आला हे उद्या तेच सांगतील. प्राणी ठेवायचा नसेल तर तसेही त्यातच लिहा आणि वन खात्याच्या निर्देशाची वाट पाहा. परस्पर दुसऱ्या कोणाला तो देऊ नका.

चाव्याबाबत भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू करण्याचा प्रयत्न होईल. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणे हा त्याखालील गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बोटाला चार टाके पडणे म्हणजे कलम ११६ ची ‘गंभीर दुखापत’ नव्हे, असा बचाव घेता येईल, आणि तो अगदीच दुबळा नाही. मात्र कलमात ‘संभाव्य धोका’ असे शब्द आहेत. पूर्ण वाढीचा इग्वाना शेपटीसह पाच फुटांपर्यंत जातो, विणीच्या काळात नर आक्रमक होतात आणि शेपटीचा फटका चेहऱ्यावर, डोळ्यावर बसू शकतो. त्यामुळे केवळ या युक्तिवादावर विसंबून राहू नये. ‘त्या मुलानेच छेडले’ हा बचाव तर मुळीच घेऊ नका. तेरा वर्षांचे मूल अनोळखी प्राण्याला बोट लावून पाहणारच. म्हणूनच तेथे मोठे माणूस असायला हवे होते. दिवाणी दाव्यातही न्यायालय हेच विचारेल की अशा प्राण्यासह मुलांना एकटे ठेवून तुम्ही गेलात कसे. आईवडील मुलाच्या प्रत्येक कृत्याला आपोआप जबाबदार नसतात, पण देखरेखीतील स्वतःच्या हयगयीला असतात.

रील सार्वजनिक ठिकाणाहून हटवा, मात्र मूळ चित्रफीत पुसू नका. न्यायालयासमोर येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा चाव्याच्या गुन्ह्याहून मोठी, तीन वर्षांपर्यंतची आहे. ती चित्रफीत ज्या मुलांकडे गेली असेल त्यांच्या पालकांना ती पुढे न पाठवण्याची लेखी विनंती करा, कारण प्रकरण पोलिसांत गेल्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ दोन्ही मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते.

तुमच्या पत्रात त्या जखमी मुलाच्या प्रकृतीविषयी एक ओळही नाही, याचे मला वाईट वाटले. तुम्ही दोघे स्वतः शेजाऱ्यांकडे जा. सरपटणाऱ्या प्राण्यांपासून रेबीज होत नाही, पण साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो आणि धनुर्वाताची लसही पाहावी लागते, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चावा इग्वानाचा होता हे स्पष्ट कळलेले असले पाहिजे. उपचारांचा खर्च कोणतीही अट न घालता द्या. ‘तक्रार करणार नाही’ असे लिहून घेण्याचा आग्रह धरू नका. तक्रार करणे हा त्यांचा हक्क आहे, आणि असा कागद पुढे दबावाचा पुरावा म्हणून तुमच्यावरच उलटेल.

वन खात्याचा निर्देश येईपर्यंत प्राणी कुलूपबंद, प्रशस्त पिंजऱ्यात ठेवा, किल्ली मुलाकडे न देता तुमच्याकडे ठेवा आणि बाहेरच्या कोणालाही तो दाखवू नका. ऊन किंवा अतिनील किरणांचा दिवा मिळाला नाही तर इग्वानाची हाडे ठिसूळ होतात. तो पालेभाजी खाणारा प्राणी आहे, त्याला मांस किंवा अंडी घालू नयेत. पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेऊन प्रमाणपत्र अर्जाला जोडा. निवेदनावर सही तुमची असेल. पण ते लिहून होईल तेव्हा मुलाला शेजारी बसवा आणि त्यातील प्रत्येक ओळ त्याला वाचून दाखवा.