इंदूरला आईबाबांबरोबर घरी बघण्यासारखे, नातेसंबंधांवरचे स्वतंत्र मराठी सिनेमे कोणते?

सानंद या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेची नाटकं बघणारे आईबाबा असतील, तर 'अस्तु'पासून सुरुवात करा. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित (मोहन आगाशे) रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे निघून जातात. मुलगी त्यांना शोधतेय, आणि वडिलांना कोणी सांभाळायचं यावरून घरात आधीच कुरबुर. माहुताची कानडी बायको मात्र त्यांना सहज सामावून घेते. अमृता सुभाषला या बायकोच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हाताऱ्या माणसांच्या घरात हा सिनेमा थोडा टोचतो, तरी बघाच.

मग 'किल्ला' (२०१४). वडील गेल्यावर आईची कोकणात बदली, मुलाला नवं गाव. रडारड जवळजवळ नाहीच. नैराश्यावरचा 'कासव' सुवर्णकमळविजेता, पण संथ आहे. जेवणानंतर लावलात तर बाबा पेंगतील!